जीभबाईंचं पित्त

४ मार्च

चि. शंकाबाईस,

आशीर्वाद आहेतच. ते मी दर पत्रात नव्याने देत नाही, जुनेच पुरवून वापर.

आठवण आली म्हणून लिहितेय असं समजू नकोस. काम आहे. आपल्या घरात दहावीच्या पुढे गेलेली तू पहिली, औषधांची इंग्रजी नावं न अडखळता वाचणारी पहिली, पांढरा कोट घालून औषधाच्या दुकानात उभी राहणारीही पहिलीच. मग घरच्यांना त्याचा काही उपयोग नको? मला पित्त उठलंय. आठवडा झाला, जायचं नाव घेत नाही. एखादी चांगली गोळी पाठव.

फोन का केला नाही, असं विचारशील. घरात फोन एक, तो माझ्या भावाच्या, म्हणजे तुझ्या काकाच्या, खिशात. मी फोनवर 'पित्त' म्हटलं की संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली दारात उपाय घेऊन उभी. शिवाय फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते. पत्रात दोघी जरा माणसांत असतो.

बाकी बिस्किटाचा कारखाना ठीक. तुझी आत्या अजून रोज सकाळी चवीच्या खोलीत बसून बिस्किटं चघळते, भांड्यात थुंकते आणि सांगते: साखर कमी, भाजलंय जास्त, लोणी खवट. ह्याचा पगार मिळतो हे तुझ्या काकाला इतक्या वर्षांनीही पटलेलं नाही. कारखान्यात मला सगळे 'जीभबाई' म्हणतात, धाकटे मालकसुद्धा, तेही तोंडावर. सध्या एका नव्या बिस्किटाच्या मागे आहे. गुपित आहे, विचारू नकोस.

'डॉक्टरांना दाखव' असं लिहिणार असशील तर शाई वाचव.

तुझी आत्या

*

८ मार्च

ती. आत्यास नमस्कार. खोलीत कोणी नव्हतं, तरी वाकूनच केला आहे.

तुझं पत्र वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. दिवसभर बिस्किटं चघळायची, वर चहा ढोसायचा, जेवायला दुपार उलटवायची. पित्त होईल नाहीतर काय होईल? जळजळ छातीत आहे की पोटात? उपाशीपोटी वाढते की जेवल्यावर? आडवी झालीस की आंबट वर येतं का? ज्या क्रमाने विचारलंय त्याच क्रमाने उत्तरं दे, नाहीतर माझा गोंधळ होतो.

सोबत पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या पाठवते. कशा घ्यायच्या ते पाकिटावर पुढे लिहिलंय, मागेही लिहिलंय. तरीही शंका आली तर गिळू नकोस. आमचं दुकान इस्पितळाच्या आवारातच आहे, त्यामुळे पाठवण्याआधी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "अगं, साधी ॲसिडिटी आहे. तुझा चेहरा का असा, कोणी गेल्यासारखा?"

डॉक्टरांना दाखव. (शाई माझी आहे.)

तुझी भाची

*

१३ मार्च

अगं विद्वान,

मी पित्त 'उठलंय' म्हटलं. 'झालंय' म्हटलं नाही. होतं ते पोटात, उठतं ते अंगावर. एवढा फरक तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत का? इतकी जाड पुस्तकं घेतलीस, त्यातल्या एकातही हे नव्हतं?

पाठीवर, दंडावर, मानेवर लाल गांधी उठतात. कडा अशा की शाळेतला नकाशा आठवावा. खाजवलं की एका देशाचे दोन देश होतात. तासा-दोन तासांत मावळतात आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे उगवतात. काल चवीच्या खोलीच्या दाराच्या चौकटीला पाठ घासत होते, तेवढ्यात धाकटे मालक आले. म्हणाले, "जीभबाई, काय चाललंय?" मी म्हटलं, "दार तपासतेय, जरा खवट आहे."

तुझी गोळी घेतली. पोट थंडगार झालं, त्याची बिचाऱ्याची काही तक्रारच नव्हती. खरं सांगायचं तर खाज अगदी नखाएवढी कमी वाटली. ते तुझ्या मायेमुळे असेल.

कारण विचारशील, म्हणून आधीच सांगते. तुझ्या काकाने नवा साबण आणलाय, हिरवा, भिंतीला मारायच्या रंगासारखा वास. त्याचंच असणार.

आता अंगावरच्या पित्ताची गोळी पाठव. अंगावरच्या. खाली रेघ मारतेय बघ.

आत्या

*

१७ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

'उठलंय' आणि 'झालंय'. घरात लहानपणापासून ऐकलेले शब्द, आणि मी पांढरा कोट घालून तेच विसरले. दोन दिवस जेवण गेलं नाही. चूक माझी, गोळी चुकीची. ती चुकून धोक्याची नव्हती, हे माझं नशीब.

पण एक गंमत सांगू? ज्या कोणी ह्या दोन दुखण्यांना एकच शब्द दिला, त्याच्या हाती नकळत खरं लागलं होतं. दोन्हीकडे खोड्या करणारा एकच आहे. त्याचं नाव हिस्टामिन.

आपल्या कातडीखाली, नाकात, घशात, आतड्यात काही पहारेकरी पेशी असतात. प्रत्येकीजवळ हिस्टामिनच्या पुरचुंड्या भरलेल्या. एखादी साधी, निरुपद्रवी वस्तू त्यांना चोर वाटली की त्या सगळ्या पुरचुंड्या एकदम फोडतात. हीच ॲलर्जी. मात्र मोकळ्या सुटलेल्या हिस्टामिनला नुसतं हिंडून काही करता येत नाही, त्याला बसायला खुर्ची लागते. अशा खुर्च्या रक्तवाहिन्यांवर आणि खाजेच्या नसांवर असतात. तिथे बसलं की ते हुकूम सोडतं: वाहिनी, सैल हो. पाणी, बाहेर झिरप. नस, खाज आण. की उठल्या तुझ्या गांधी. पोटातही त्याच्या खुर्च्या आहेत, पण वेगळ्या घडणीच्या. तिथे बसून ते आम्ल सोडायला लावतं. मी आधी पाठवलेली गोळी पोटातल्या खुर्च्यांची होती. तशा थोड्या खुर्च्या कातडीतल्या वाहिन्यांवरही असतात, म्हणून तुला नखाएवढं बरं वाटलं. मायेचा काही संबंध नाही, डॉक्टरीणबाईंना विचारून खात्री केली.

आता पाठवलेली गोळी बरोबर त्या कातडीतल्या खुर्च्यांची आहे. ती हिस्टामिनशी भांडत नाही, त्याला मारत नाही, पुरचुंड्या फुटायच्याही थांबवत नाही. नुसती खुर्चीत जाऊन बसते. हिस्टामिन येतं, बघतं, जागा नाही. म्हणून हिस्टामिन बसायच्या आधी गोळी पोटात गेलेली बरी. झिरपलेलं पाणी तिला चटकन माघारी आणता येत नाही.

ही जुन्या धाटणीची आहे, झोप येते. रात्रीच घ्यायची. यंत्राजवळ जायचं नाही. साबण आजच्या आज बंद. आणि डॉक्टरांना पाठ दाखव. (दारांना नको.)

तुझी भाची

*

२५ मार्च

चि. शंकाबाई,

तुझं खुर्च्यांचं फार आवडलं. म्हणजे ही गोळी तुझ्या काकूच्या बहिणीसारखी. लग्नात सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसते, काही काम करत नाही, आणि वरात निघाली तरी उठत नाही.

गोळी लागू पडली. पण तुझी आत्या कारखान्याच्या इतिहासात अजरामर झाली ते ऐक.

तू लिहिलंस, आधी घेतलेली बरी. मी आपली सकाळी चहाबरोबर घेतली आणि चवीला बसले. पहिली दोन बिस्किटं ठीक. तिसरं तोंडात धरलं आणि वाटलं, जरा डोळे मिटून चव घ्यावी. उठले तेव्हा माझा गाल बिस्किटांच्या ताटलीत, गालावर बिस्किटाच्या नक्षीचा ठसा, आणि समोर धाकटे मालक, पॅकिंगवाली आणि लोणी पुरवणारा व्यापारी ओळीने उभे.

मालक म्हणाले, "जीभबाई, बरं आहे ना?"

मी म्हटलं, "चव खोलवर बघत होते."

पॅकिंगवाली म्हणाली, "घोरत बघत होत्या."

ती माझी मैत्रीण आहे, म्हणून तिला जिवंत ठेवलंय.

तेव्हा झोप न आणणारी गोळी असेल तर धाड. मला सकाळीच लागते.

आत्या

*

२९ मार्च

ती. आत्यास,

नमस्कार केला, पण आज जरा ताठ.

मी रात्री घे असं पत्रात आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंना, तीन ठिकाणी लिहिलं होतं. तू नेमकं तेच वाक्य उचललंस जे तुला हवं होतं. मी पुढे काहीही लिहिताना आता दहादा विचार करणार.

झोप का येते तेही सांगते. मेंदूतही हिस्टामिनच्या खुर्च्या असतात, आणि तिथे बसून ते आपल्याला जागं ठेवायचं चांगलं काम करतं. जुनी गोळी मेंदूत शिरते आणि त्याही खुर्च्या अडवते. नव्या गोळ्यांना मेंदूच्या दारातून बहुतेक आत घेत नाहीत, त्या अंगभर फिरतात, पण वर जात नाहीत. सोबत नवी गोळी पाठवते. दिवसाला एक. एकच.

आता माझा प्रश्न. साबण लावतेस आंघोळीला. मग गोळी सकाळी चवीला बसायच्या आधीच का लागते? आणि साबण बंद केलास का? तू साबणाबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. मी ओळ न ओळ पाहिली.

शेवटचं, आणि हे वाचल्याशिवाय गोळीला हात लावू नकोस. ओठ सुजले, जीभ जड झाली, घसा आवळला, आवाज बसला, श्वासाला शिट्टी आली किंवा चक्कर आली, तर ते काम ह्या गोळीचं नाही. त्यासाठी दुसरं औषध असतं आणि ते इस्पितळात असतं. दुसरी गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही. उठायचं आणि जायचं.

तुझी भाची

*

७ एप्रिल

चि. शंकाबाई,

नवी गोळी म्हणजे सोनं आहे. झोप नाही, खाज नाही, पाठ गुळगुळीत. दारांनी सुटकेचा श्वास सोडला.

आता गुपित फोडते, कारण पोटात मावत नाही. नवं बिस्किट माझं आहे. म्हणजे कारखान्याचंच, पण कल्पना माझी, माप माझं, भाजणी माझी. खारं बिस्किट, आणि वर-खाली, आत-बाहेर भाजलेले तीळ. इतकी वर्षं दुसऱ्यांची बिस्किटं चघळून थुंकली. हे पहिलं, जे थुंकवत नाही. गेला महिनाभर स्वतःच्या हाताने तीळ भाजतेय, पीठ मळतेय, रोज चव घेतेय. चौदा तारखेला मोठ्या दालनात सगळ्या व्यापाऱ्यांसमोर पहिलं बिस्किट मी खाणार. मालक म्हणाले, "जीभबाई, तुम्ही खाऊन मान डोलावलीत की माल गेलाच म्हणून समजा."

मिठावरून मात्र आमचं वाजतंय. ते म्हणतात, जास्त झालं. मी म्हटलं, "मालक, तुमच्या जिभेला जरा सुट्टी द्या." मला तर अजून अळणीच लागतंय. काल आणखी चिमूटभर वाढवलं.

तू ओठांचं लिहिलंस. सुजलेले नाहीत. भरलेत. पॅकिंगवाली म्हणते, वय कमी दिसतं. घोट जरा अडखळतो, पण ते आनंदाने असेल. साबण तोच आहे, त्या बिचाऱ्याला कशाला काढू?

चौदा तारखेला माझ्यासाठी थोडी घाबर. तुला सवय आहे.

आत्या

*

११ एप्रिल

आत्या,

नमस्कार नंतर.

आता शब्दांतला फरक मी सांगते. ओठ भरलेत नाही, सुजलेत. घोट आनंदाने अडखळत नाही, घसा सुजल्याने अडखळतो. आणि पित्त साबणाने उठत नव्हतं, तिळाने उठत होतं. हे तुला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. म्हणूनच गोळी सकाळी लागायची.

ही गोळी तीळ सोसायला शिकवत नाही. पहारेकरी रोज पुरचुंड्या फोडतच होते. गोळीने फक्त कातडीवरच्या खुर्च्या अडवल्या, म्हणून तुला गांधी दिसल्या नाहीत, म्हणून तू रोज जास्त तीळ खाल्लेस. त्या पुरचुंड्यांत एकटं हिस्टामिन नसतं, आणखी चार जण असतात आणि त्यांना ह्या खुर्च्या लागतच नाहीत. ते घसा सुजवतात, श्वासाची नळी आवळतात, रक्तदाब खाली पाडतात. त्यांना गोळीने काही होत नाही. एक नाही, दहा घेतल्या तरी नाही.

तीळ खाऊ नकोस. भाजू नकोस. हातात घेऊ नकोस. दुसरं कोणीही ते बिस्किट खाऊ दे.

फोन केला होता. काका म्हणाला, "ती कारखान्यात आहे, काय गं, पित्त ना?" कारखान्यात केला, तर म्हणाले, चव चालू असताना निरोप देत नाहीत. रोज फोन करणार आहे. सुट्टी मागितली आहे. हे पत्र चौदाला पोचलं तर पोचलं, नाहीतर मी पोचेन.

आत्या, खाऊ नकोस गं.

*

२३ एप्रिल

चि. शंकाबाई,

तू मला गाडीतून इस्पितळात नेलंस, रात्रभर खाटेशी बसलीस, माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस आणि पहाटेच्या बसने निघून गेलीस. बोलायचं नसेल तर वाच तरी. तू आत येण्याआधी काय झालं ते तुला माहीत नाही.

तुझं पत्र त्या दिवशी सकाळी मिळालं. मी ते वाचलं. न वाचता खिशात ठेवलं असं सांगणार होते, पण आता तुझ्याशी खोटं बोलायची हिंमत नाही. वाचलं, आणि म्हटलं, एकच बिस्किट. आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं, ते दुसऱ्या कोणाला खाऊ द्यायचं आणि मी कोपऱ्यात उभं राहून टाळ्या वाजवायच्या? मग दोन गोळ्या घेतल्या. खुर्च्या दुप्पट अडवू म्हटलं.

दालन भरलेलं. मी बिस्किट उचललं, मोडलं, आवाज खुसखुशीत आला. खाल्लं, गिळलं. पाठीला काही नाही, हाताला काही नाही. मी म्हटलं, शंकाबाईला उगाच शंका. तेवढ्यात जीभ तोंडात मावेना. मालकांनी माईक पुढे केला. "जीभबाई, एका शब्दात सांगा, कसं आहे?"

मी तोंड उघडलं. आवाजच नाही. घशातून दाराच्या बिजागरीसारखं काहीतरी निघालं.

मालक व्यापाऱ्यांकडे वळले. "बघा! शब्द सुचेना त्यांना!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणूस मरतोय आणि लोक टाळ्या वाजवतायत, अशी मजा कोणाच्या नशिबी आली नसेल. मी टेबल धरलं, तर मालक म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलं हो."

आणि मग तू. जी रिकाम्या खुर्चीला धक्का लागला तरी 'माफ करा' म्हणते, ती तू फाटकावरच्या रखवालदाराला ढकलून आत आलीस, मागे तो "पास! पास!" करत. तू ओरडलीस, "तिला श्वास येत नाहीये! गाडी काढा!" मालक म्हणाले, "बाई, आपण कोण?" तू म्हणालीस, "मी तिची भाची, आणि तुम्ही बाजूला व्हा!" धाकट्या मालकांना, दालनात, सगळ्यांसमोर. त्यांना 'बाजूला व्हा' म्हणणारीही आपल्या घरातली तू पहिलीच. चार व्यापाऱ्यांनी घाबरून घास थुंकले.

बिस्किटांच्या गाडीत, खोक्यांवर निजवून नेलंत मला. इस्पितळात डॉक्टरांनी कपड्यावरूनच मांडीत सुई खुपसली, विचारलंसुद्धा नाही. आणि पोरी, थोड्या वेळात घसा उघडला. काळीज असं धडधडत होतं की वाटलं, बाहेर येऊन पाणी मागेल. पण हवा आली. इतकी वर्षं मी सगळ्याची चव घेतली, हवेची कधी घेतली नव्हती.

रागव. पण लिही.

आत्या

*

२ मे

ती. आत्यास नमस्कार.

बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर मी रडले असते, आणि तू खाटेवरून ओरडली असतीस. डॉक्टरांनी तुला बोलायची मनाई केली होती.

रागावले आहे. तुझ्यावर, आणि माझ्यावर जास्त. गोळ्या मी पाठवल्या. त्या नसत्या तर तू पाठ खाजवून बेजार झाली असतीस आणि महिन्यापूर्वीच तीळ सोडले असतेस. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोळीने तिचं काम चोख केलं. आत्याने खरं सांगितलं असतं तर तुझंही झालं असतं. आता तो गल्ला उघड, लोक थांबलेत."

मांडीतलं औषध म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. ते हिस्टामिनच्या खुर्च्या अडवून बसत नाही, त्याच्या खुर्च्याच वेगळ्या. सैल पडलेल्या वाहिन्या आवळतं, आवळलेली श्वासाची नळी सैल करतं, आणि पहारेकऱ्यांना आणखी पुरचुंड्या फोडू देत नाही. तुला रात्रभर ठेवलं, कारण असा झटका उतरल्यावर पुन्हा येऊ शकतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन आता कायम तुझ्या पिशवीत असलं पाहिजे. ते कसं द्यायचं हे काकाला आणि पॅकिंगवालीला शिकवून घे. काकाला दोनदा. दिल्यावरही इस्पितळात जायचंच.

आणि तीळ बंद. आयुष्यभर. तुझ्या बिस्किटाचेसुद्धा. हे लिहिताना माझा हात अडला, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

नोकरीचं काय झालं?

तुझी भाची

*

२१ मे

चि. शंकाबाई,

नोकरी आहे. तीळ सोडून सगळ्याची चव मीच घेते. तिळाची भट्टी वेगळ्या इमारतीत नेली, मी तिकडे फिरकतसुद्धा नाही. काकाला इंजेक्शन शिकवलं. सरावासाठी त्याने लाकडी पाटाला लिहायचं पेन इतक्या जोरात मारलं की पेन मोडलं. आता मला तिळापेक्षा त्याची भीती वाटते.

बिस्किट येतंय, पुढच्या महिन्यात. मी एकच अट घातली: पाकिटावर 'तीळ आहेत' असं लिहायचं, आणि बिस्किटाच्या नावाएवढ्या मोठ्या अक्षरांत. मालक म्हणाले, "जीभबाई, आपण बिस्किट विकतोय की विष?"

मी म्हटलं, "ते खाणाऱ्यावर आहे."

मग त्यांनी स्वतः मजकूर लिहिला: 'पित्त असणाऱ्यांनी खाऊ नये.' मी म्हटलं, मालक, ह्याने अर्धं गाव पोटावर हात ठेवून बिस्किट परत करील, आणि ज्याच्या अंगावर उठतं तो मजेत खाईल. होतं ते वेगळं, उठतं ते वेगळं. हा फरक शिकलेल्या लोकांनासुद्धा कळत नाही, माझी भाचीच घ्या. शेवटी सरळ छापलं: 'ह्यात तीळ आहेत. तीळ खाऊन अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा धाप येत असेल, तर खाऊ नका.' पित्त शब्दच काढून टाकला. त्याने आपल्याला फार नाचवलं.

सोबत पहिल्या घाण्यातलं एक पाकीट पाठवतेय. पॅकिंगवालीने भरलं, मी लांबून पाहिलं. मला आता ते चाखता येणार नाही. नीट असं मी ते कधी चाखलंच नाही असं वाटतं. पहिल्या दिवसापासून तोंडात काही ना काही चाललेलंच होतं.

तेव्हा तू खा आणि लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. तू खोटं लिहिलंस तर अक्षरावरून कळतं, तिरकं होतं.

आत्या

*

२६ मे

ती. आत्यास नमस्कार.

पाकीट परवा आलं. लगेच उघडलं नाही, भीती वाटली. काल सकाळी तोंड धुऊन, चहा न घेता एक खाल्लं. मग पाणी पिऊन दुसरं. संध्याकाळी तिसरं, म्हणजे भुकेने चव बदलली असेल तर कळावं. अर्धं डॉक्टरीणबाईंना दिलं आणि कारण सांगितलं नाही.

मोडताना आवाज छान येतो. तीळ आधी भाजल्याचा वास येतो, मग चव येते, आणि घास संपल्यावर मागे थोडा कडवटपणा राहतो, जो चांगला आहे. असं बिस्किट मी कधी खाल्लं नव्हतं. हे तुझं आहे हे माहीत नसतं तरी मला कळलं असतं.

आता पुढचं वाक्य लिहायला मला काल रात्रीपासून आत्तापर्यंत वेळ लागला.

मीठ जास्त आहे.

थोडं नाही, चांगलंच. मला वाटतं, तू मीठ वाढवत होतीस तेव्हा तुझी जीभ सुजलेली होती, म्हणून तुला अळणी लागत होतं. मालकांचं बरोबर होतं. डॉक्टरीणबाई अर्धं खाऊन म्हणाल्या, "मस्त आहे, पाणी आहे का?"

माफ कर. अक्षर बघ, सरळ आहे.

तुझी भाची

*

१ जून

चि. शंकाबाईस,

तुझं पत्र वाचून दोन दिवस कोणाशी बोलले नाही. काकाने घाबरून इंजेक्शन बाहेर काढलं होतं.

तिसऱ्या दिवशी धाकट्या मालकांकडे गेले आणि म्हटलं, मीठ कमी करा. त्यांना हर्ष झाला, पण सोडतील कसले? म्हणाले, "मी महिनाभर सांगत होतो, तेव्हा ऐकलं नाहीत. आता कोणाच्या जिभेवर विश्वास बसला?"

मी म्हटलं, "माझ्याच. फक्त ती हल्ली दुसऱ्या गावी नोकरीला असते."

नव्या घाण्याचं पाकीट पाठवतेय. उपाशीपोटी खा.

आत्या